पोत

‘पोत’ हा शब्द आम्ही वर्गात आजवर किती वेळा वापरला असेल याची गणती नाही. कथेचा पोत, भाषेचा पोत, अनुभवाचा पोत. एम.ए.च्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने ‘पोत म्हणजे नेमके काय?’ असे विचारलेच, तर कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक करते तसे आम्ही अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवतो. विद्यार्थी मान डोलावतो, वहीत काहीतरी टिपून घेतो आणि तास पुढे सरकतो. शब्द मुळात कापडाचा. सुताची जाडी, विणीचा दाटपणा, हाताला लागणारा स्पर्श एवढे सगळे त्यात येते. शेतकऱ्याकडेही तो आहे. जमिनीचा पोत म्हणताना तो मातीचा नुसता स्पर्श सांगत नाही. ती पाणी किती धरते, पीक किती पेलते, गेल्या वर्षी तिच्यातून किती काढून घेतले आणि तिला परत किती दिले, हे सगळे त्यात असते. समीक्षकाने हा शब्द या दोघांकडून उसना घेतला आणि, खरे सांगायचे तर, परत केला नाही.

या शब्दाचा चौथाही एक धनी आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. व्हिडिओ दाबून लहान करणारे अभियंते ज्याला ‘टेक्श्चर’ म्हणतात, त्याला मराठीत पोत याहून चांगला शब्द नाही. गवत, पाने, वाळू, पाण्याच्या लाटा, धूर, गर्दी हा त्यांच्या लेखी पोत. हे टिपण त्या चौथ्या अर्थाविषयी आहे, आणि ज्या एका फुलामुळे तो अर्थ आम्हांस शिकावा लागला त्या फुलाविषयी आहे.

आम्ही म्हणजे दोघे. दोघेही मराठीचे एम.ए., दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, राहतो नांदेडला. आमच्यापैकी एकीचे माहेर चुडावा. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्याचे हे गाव. नांदेडहून रेल्वेने निघाले की लिंबगाव, मग चुडावा, मग पूर्णा जंक्शन. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या येथे थांबत नाहीत. त्यांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला चुडावा म्हणजे काळ्या रानाचा एक पट्टा. हंगामाप्रमाणे हिरवा, पांढरा किंवा मातकट. आमच्यापैकी एकीला त्या पट्ट्यातला बांध न् बांध ओळखू येतो. दुसऱ्याला लग्नाला इतकी वर्षे होऊनही येत नाही; त्याला अजून पट्टाच दिसतो.

२०१७ सालची गोष्ट. गौरी-गणपती उरकल्यावर आबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. (आमच्यापैकी एक त्यांना आबा म्हणे, दुसरा मामा. येथे आबाच म्हणू.) धूळ आणि ऊन काही दिवस टाळायचे म्हणून ते नांदेडला आमच्याकडे राहिले. रानात कापूस फुलावर आलेला. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचा पुतण्या फोनवर रानाचा व्हिडिओ पाठवी. आबा फोन डोळ्यांजवळ धरीत, लांब धरीत, आणि वैतागून खाली ठेवीत.

“रान दाखवायलाय का शेवाळं? फूल उमललंय का मिटलंय, कायीच कळंना.”

डोळ्याचे काम बिघडले की काय, अशी त्यांना शंका आली. मग पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरातील तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरे वाचून पाहिली. ती वाचता आली. “डोळा बराबर हाय माय,” ते म्हणाले, “फोनातच दिसंना.”

मग आम्ही फोन हातात घेतला. पुतण्याचा चेहरा, मागचा विजेचा खांब, बांधावरची बाभळ सगळे ओळखू येत होते. आणि मध्ये, जेथे रान असायला हवे तेथे, वाऱ्याने हलणारा हिरवा लगदा. आम्ही दोघांनीही, एकापाठोपाठ एक, तेच वाक्य उच्चारले: “हिरवंगार आहे आबा. पीक मस्त आहे.” हे वाक्य आम्ही व्हिडिओ पाहून बोललो असे आम्हांस त्या वेळी वाटले होते. वास्तविक आम्ही ते पाहिलेच नव्हते. हिरव्या डागाच्या जागी पीक आम्ही आमच्याकडचे भरले. कुठून, तर आजवर वाचलेल्या पुस्तकांतून.

२१ सप्टेंबरला घटस्थापना होती. घटाला आपल्याच रानातली माती लागते, हे निमित्त काढून आबा काळा चष्मा लावून पॅसेंजरने चुडाव्याला उतरले आणि घरी न जाता आधी रानात गेले. तेथे त्यांना डोमकळ्या दिसल्या. वाचकांपैकी ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. कापसाच्या ज्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरते ते नीट उमलत नाही. अळी आतून पाकळ्या आपल्या धाग्यांनी जखडून टाकते आणि फूल गुलाबाच्या मिटल्या कळीसारखे राहते. ती डोमकळी. बोंडात शिरलेली अळी बाहेरून दिसत नाही, बोंड फोडल्यावरच कळते. म्हणून फुलावस्थेतील ही खूण फार मोलाची. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ झाली, असे कृषितज्ज्ञ सांगतात. हजारो चांगल्या फुलांत मिटलेली चार-दोन फुले, रात्रीचे आठ पतंग: इशारा एवढाच असतो, आणि एवढ्यावर वर्षाचे गणित अवलंबून असते.

त्या हंगामात बोंडअळीने महाराष्ट्रभर कापूस खाल्ला. २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेल्या बीटी वाणांना ही गुलाबी अळी एव्हाना सरावली होती. तेव्हा आमच्या एका वाक्याने आबांचे पीक गेले, असे कोणी म्हणणार नाही. आबाही म्हणाले नाहीत. पण ते दहा-बारा दिवस होते, आणि त्या दहा-बारा दिवसांत आम्ही त्यांना ‘हिरवंगार’ हे विशेषण पुरवीत होतो, एवढे खरे.

त्या दिवशी रानातच पुतण्याने आबांचा एक व्हिडिओ घेतला. चाळीस सेकंदांचा. आबा तोडलेले फूल तळहातावर धरून सांगताहेत, “हे बघा, हे असं ऱ्हातंय.” तो आम्हांला पाठवला. त्यात आबांचा चेहरा स्पष्ट आहे, आवाज स्पष्ट आहे. तळहातावर एक पिवळट पांढरा डाग आहे.

असे का व्हावे, हे आम्ही त्या दिवाळीत भाच्याला विचारले. तो पुण्यात व्हिडिओचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. “मावशी, ते सारांशलेखन असतं,” तो म्हणाला. आम्हांला समजेल असा शब्द त्याने शोधला होता, आणि तो नेमका होता. शाळेत उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहायला सांगतात. येथे प्रमाण फारच कठोर असते. पूर्ण एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० असे वीस लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट, सेकंदाला ३० चित्रे. गुणाकार केला तर एका मिनिटाला सुमारे १,१२० कोटी बाइट होतात. फोनवरून एका मिनिटाचा व्हिडिओ म्हणून आपण जी फाईल पाठवतो, ती पुष्कळदा एखाद्या कोटी बाइटांची असते. म्हणजे हजारातला एक भाग ठेवायचा आणि तरी गोष्ट कळली पाहिजे.

हे साधते ते दोन प्रकारच्या काटकसरीने. पहिली म्हणजे जे आधीच्या चित्रात येऊन गेले ते पुन्हा पाठवायचे नाही. चित्राचे लहान लहान ठोकळे करायचे. जो ठोकळा बदलला नाही त्याबद्दल ‘तसाच’ एवढे कळवायचे, आणि जो सरकला त्याबद्दल ‘चार ठिपके डावीकडे’ एवढेच. दुसरी काटकसर उरलेल्या फरकाची. तो फरक लाटांच्या बेरजेत मांडायचा, म्हणजे संथ लाटा वेगळ्या आणि बारीक, घाईच्या लाटा वेगळ्या होतात. मग बारीक लाटा डोळ्याला फारशा जाणवत नाहीत या भरवशावर त्या छाटायच्या. ही मांडणी डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म या नावाने ओळखली जाते. मूळचे बंगळूरचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये ती प्रसिद्ध केली. आपल्या फोनमधील बहुतेक छायाचित्रे आणि व्हिडिओ आजही तिच्यावर किंवा तिच्या वारसांवर चालतात.

आता वाऱ्यातले कापसाचे रान घ्या. चेहरा हलतो तो सबंध हलतो. खांब हलतच नाही. पण रानात प्रत्येक पान आपल्या मनाने हलते. ‘चार ठिपके डावीकडे’ हे कोणत्याच ठोकळ्याबद्दल धड खरे ठरत नाही, आणि जो फरक उरतो तो सगळा बारीक लाटांचा, म्हणजे छाटणीत जाणारा. नेटवर्क कमी असेल, फाईल लहान ठेवायची असेल, तेव्हा यंत्र चेहरा राखते आणि रान सोडते. आबांनी त्याला शेवाळे म्हटले ते अगदी यथार्थ होते.

भाच्याने मग सांगितले की या अडचणीवर एक उपाय बराच आधी सुचलेला आहे. आम्हांस खरे खिळवून ठेवले ते या उपायाने. पाने पाठवणे परवडत नाही ना? मग पाठवू नका. पाहणाऱ्याच्या यंत्रात ती नव्याने उगवा. पीक पाठवायचे नाही, बियाणे पाठवायचे. पानांचा एक लहानसा नमुना किंवा त्यांचे काही सांख्यिकीय गुणधर्म तेवढे पाठवायचे, आणि पलीकडच्या यंत्राने त्यावरून हवे तेवढे रान वाढवून घ्यायचे. याला टेक्श्चर सिंथेसिस म्हणतात. आपण पोतसंश्लेषण म्हणू.

त्यामागचा इतिहास साहित्याच्या माणसाने वाचण्यासारखा आहे. हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे बेला युलेश यांनी १९६० च्या दशकात प्रश्न विचारला, की दोन पोत एका नजरेत वेगळे वाटतात ते कशामुळे? त्यांचा अंदाज असा, की ठिपक्यांच्या जोड्यांचे सांख्यिकीय गुणधर्म सारखे असतील तर डोळा सहजासहजी दोघांत फरक करीत नाही. पुढे या अंदाजाला अपवाद सापडले, ते शोधण्यात ते स्वतःही होते. परंतु पोत म्हणजे एकेक वस्तू नव्हे, तर तिच्या शेजाराचे नियम, ही कल्पना टिकली. १९९९ मध्ये बर्कली येथील अलेक्सेई एफ्रॉस आणि थॉमस लेउंग यांनी ती कमालीच्या साधेपणाने वापरली. नवा ठिपका मांडायचा तर त्याच्या शेजारपाजारचे ठिपके पाहा, तसाच शेजार नमुन्यात कुठे आहे ते शोधा, आणि तेथील मधल्या ठिपक्याचा रंग इथे आणा. एकेक ठिपका करीत विटांची भिंत वाढते, गवत वाढते. दोन वर्षांनी एफ्रॉस आणि विल्यम फ्रीमन यांनी ठिपक्यांऐवजी तुकडेच घेऊन, शिवण कमीत कमी दिसेल अशा रेषेवर कापून जोडण्याची रीत काढली. तिला त्यांनी जे नाव दिले त्याचा सरळ मराठी अर्थ गोधडी शिवणे असा आहे.

एफ्रॉस आणि लेउंग यांनी आपल्या रीतीचे मूळ सांगताना क्लॉड शॅनन यांचे नाव घेतले आहे. १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात शॅनन यांनी एक खेळ केला होता. एखादे पुस्तक कुठेही उघडायचे, एक शब्द घ्यायचा. दुसरे पान उघडून तोच शब्द पुन्हा कुठे येतो ते पाहायचे आणि त्याच्या पुढचा शब्द लिहायचा. मग त्या शब्दासाठी पुन्हा तेच. असे करीत गेले की वाक्यासारखे काहीतरी तयार होते. कानाला ते इंग्रजी वाटते आणि सांगत काहीच नाही. म्हणजे चित्रातल्या पोताची ही विद्या भाषेच्या पोतापासून निघाली.

हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले, कारण असा मजकूर आम्ही दरवर्षी गठ्ठ्यांनी वाचतो. ‘प्रस्तुत कादंबरीत लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव व प्रभावी चित्रण केले असून त्यातून शेतकऱ्यांच्या सुखदुःखांचे हृदयस्पर्शी दर्शन घडते.’ कोणतीही कादंबरी घाला, वाक्य बसते. एका वाक्याच्या शेजारी दुसरे कोणते येते याची सांख्यिकी विद्यार्थ्याने मार्गदर्शिकेवरून आत्मसात केलेली असते. त्या बियाण्यावर तो चार पाने उगवतो. आणि आम्ही परीक्षक? आम्हीही युलेश यांच्या डोळ्याने पाहतो: एका नजरेत, फरक न करता. पोत बरा दिसला की पंधरापैकी आठ.

परंतु विद्यार्थ्यावर हसून सुटका होण्यासारखी नाही. व्हिडिओच्या कामात पोतसंश्लेषण आणणाऱ्यांत बर्लिनच्या हाइनरिख हेर्त्झ संस्थेतील पॅट्रिक एनजिकी-न्या आणि त्यांचे सहकारी यांचे २००३ चे काम महत्त्वाचे मानतात. पाठवणाऱ्याकडे एक विश्लेषक आणि पाहणाऱ्याकडे एक संश्लेषक, अशी त्यांची योजना. पण त्याआधी एक निवाडा करावा लागतो. त्यांनी पोताचे दोन वर्ग मानले: ज्यात तपशील महत्त्वाचा आहे असा, आणि ज्यात तपशील महत्त्वाचा नाही असा. दुसऱ्या वर्गातला पोत मूळचाच पोचला पाहिजे असे नाही. मूळच्यासारखा पोचला की पुरे. बघणाऱ्याने मूळ चित्र पाहिलेले नसते, त्यामुळे त्याला फरक कळत नाही. चाचणीला वापरलेल्या दृश्यांत एका फुलबागेचे दृश्य होते. वरून पाहणाऱ्याला त्या बागेतले अमुक फूल तमुक ठिकाणी नसले म्हणून काय बिघडले?

काही बिघडत नाही, हे आम्हांस मान्य आहे. ती बाग कोणाची नसेल तर. निवाडा येथे आहे. तपशील महत्त्वाचा नाही, असे पाठवणाऱ्याचे यंत्र ठरवते, आणि ते एका सरासरी पाहणाऱ्याला समोर ठेवून ठरवते. तो पाहणारा खिडकीतून चुडावा पाहणारा प्रवासी असतो. आबा नसतात. आबांना पुतण्याच्या चेहऱ्याशी काही कर्तव्य नव्हते. तो त्यांना पाठ होता. त्यांना ठोकळ्यांमधल्या त्या बारीक, छाटलेल्या लाटाच हव्या होत्या. एकाचा पोत ही दुसऱ्याची माहिती असते.

आणि मग आम्हांस आमचेच शब्द आठवले. ‘कादंबरीला ग्रामीण पार्श्वभूमी आहे.’ पार्श्वभूमी! मराठी कथा-कादंबरीत कितीतरी काळ खेडे हे असेच तपशील-निरपेक्ष पोताच्या वर्गात टाकलेले होते. पुढे नायक-नायिका हलत बोलत; मागे मोट, बैलांच्या घुंगरांचा नाद, डोलणारी कणसे, झुळझुळणारा ओढा. ते रान कुठले, माती कोणती, कणसाला काणी लागली आहे की नाही, हे विचारण्याची सोय नसे. एका पुस्तकातला ओढा उचलून दुसऱ्यात ठेवला तरी शिवण दिसत नसे. वाचणारा बहुधा शहरातला. त्याने मूळ पाहिलेले नसे, म्हणून फरक कळत नसे. ग्रामीण आणि दलित साहित्याने केलेल्या कामाविषयी आम्ही वर्गात जे काही मोठमोठे सांगतो, ते या बोलीत अगदी थोडक्यात सांगता येईल: ज्याला इतरांनी पोत ठरवले होते, त्याने आपण माहिती आहोत असे सांगितले. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ १९७१ मध्ये आली. शिंप्याच्या घराची वाताहत त्या घरातलीच बाई मराठवाड्याच्या बोलीत सांगते. पाचोळा म्हणजे वाळून खाली पडलेली पाने. अभियंत्याने बघताक्षणी दुसऱ्या वर्गात टाकावीत अशी वस्तू. बोराड्यांनी तेच नाव दिले आणि एकेक पान उचलून पाहायला लावले. ती कादंबरी आम्ही वर्षानुवर्षे शिकवतो. तरी आबांच्या फोनातला हिरवा लगदा पाहून आमच्या तोंडून निघाले ते ‘हिरवंगार’.

येथे थोडे थांबून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण हे टिपण यंत्राविरुद्ध तक्रार म्हणून लिहिलेले नाही. सारांशलेखन नसते तर चुडाव्यासारख्या गावाच्या रानातून आबांचा चेहरा आणि आवाजही आमच्यापर्यंत आला नसता. आणि पोतसंश्लेषण काही ठिकाणी खरोखर निर्धोक असते. मोबाईलवर बोलताना पलीकडचा गप्प झाला की फोन पाठवणे थांबवतो आणि तिकडच्या खरखरीसारखी खरखर आपल्याकडेच तयार करून ऐकवतो, नाहीतर माणसाला वाटते की फोन कटला. जुन्या चित्रपटांच्या फितीवरच्या दाण्यांचेही असेच. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही-१ या पद्धतीत चित्रपटातले दाणे आधी काढून घेतात, चित्र स्वच्छ करून पाठवतात, सोबत दाण्यांच्या स्वभावाचे वर्णन करणारे थोडेसे आकडे पाठवतात, आणि पाहणाऱ्याच्या यंत्रात तसेच दाणे नव्याने शिंपडतात. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये ही सोय मोठ्या प्रमाणावर वापरात आणली.

हेही सरळ वाटते तितके सरळ नाही. फितीवरचे चित्र दाण्यांच्या मागे नसते. चांदीच्या क्षारांचे दाणे प्रकाशाने बदलतात आणि त्यांचेच चित्र बनते. १९३६ चा प्रभातचा ‘संत तुकाराम’ आपण पाहतो तेव्हा त्या दिवशी त्या सेटवर पडलेला उजेड ज्या दाण्यांनी धरला, त्यांचीच उतरत आलेली प्रत पाहत असतो. ते दाणे काढून दुसरे शिंपडले तर कथेला, अभिनयाला, अभंगाला काही होत नाही. साध्या प्रेक्षकाला ते पुरेसे आहे. मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी, १९६४ पासून ज्यांचे कामच मूळ जपणे हे आहे, तेथे ते पुरेसे नाही. कुणाला किती पुरते, याचे उत्तर पाहणाऱ्याच्या गरजेत असते. मूळ कुठेतरी शिल्लक असले आणि समोर दिसते ते ‘सारखे’ आहे, ‘ते’ नव्हे, एवढे पाहणाऱ्याला ठाऊक असले, तर आमची तक्रार नाही.

आमच्याजवळ मूळ शिल्लक नाही. २०२१ मध्ये आबा गेले. पुतण्याचा तो फोन कधीच बिघडून फेकला गेला होता. राहिली ती आम्हांला आलेली दाबलेली फाईल. आबांचे हलते-बोलते चित्र असे तेवढेच आहे. गेल्या दिवाळीत भाचा म्हणाला, “काका, तो व्हिडिओ द्या, सुधारून आणतो. आता फार छान होतं.” हल्लीची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने म्हणजे त्या जुन्या गोधडीचीच फार पुढची पिढी. नमुना एकाच चित्रातून न घेता असंख्य चित्रे पाहून ती पोत शिकलेली असतात, आणि अस्पष्ट जागी बहुधा काय असावे ते भरतात.

भाऊबीजेला त्याने तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. सगळे घर जमले होते. रान पाहून आम्ही थक्क झालो. पानांच्या शिरा दिसत होत्या. आबांच्या सदऱ्याची वीण दिसत होती. चेहऱ्यावर सुरकुत्या होत्या, त्या त्यांच्याच होत्या की नाही हे आमच्यापैकी कोणालाच छातीठोकपणे सांगता येईना, पण दिसायला बऱ्या होत्या. आबा म्हणाले, “हे बघा, हे असं ऱ्हातंय,” आणि त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावर कापसाचे फूल होते. पाकळ्या मोकळ्या, सतेज, पूर्ण उमललेले.

आई पुढे सरकून पाहत होत्या. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाल्या,

“फूल तर उमललंय की. मंग तोडलं कामून ह्येनी?”

भाच्याला आधी प्रश्न कळला नाही. डोमकळी हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. तो हुशार मुलगा आहे आणि आपल्या कामाविषयी प्रामाणिक आहे. म्हणाला, “मावशी, त्यानं चांगली फुलंच जास्त पाहिली असणार. मिटलेलं फूल त्याला चूक वाटलं असेल.” म्हणजे आम्ही २०१७ मध्ये जे केले तेच त्यानेही केले होते, केवळ आमच्यापेक्षा पुष्कळ सफाईने. आमच्या ‘हिरवंगार’मध्ये निदान पानांच्या शिरा नव्हत्या.

आईंच्या आवाजात राग नव्हता, हे नमूद केले पाहिजे. त्यांना फक्त नवऱ्याचे वागणे कळेनासे झाले होते. उमललेले, निरोगी फूल कारण नसताना तोडणारा माणूस त्यांचा नवरा नव्हता. पोत बदलल्याने माणूसही बदलला, तो असा.

सुधारलेली फाईल आम्ही ठेवलेली नाही. जुनी ठेवली आहे. ती आणखी काही वर्षे राहील, या फोनवरून त्या फोनवर जाईल, जाताना पुन्हा पुन्हा दाबली जाईल, आणि तो डाग आणखी पुसट होईल. कधीतरी आमच्या मागचे कोणी ती उघडील, त्या वेळची साधने आजच्यापेक्षा पुढे गेलेली असतील, आणि त्या डागाच्या जागी काय असावे हे ठरवण्याचा मोह त्यालाही होईल. त्याला उपयोगी पडावे म्हणून, आणि वर्गात अंगठा-तर्जनी घासून दाखवणाऱ्या आमच्यासारख्यांना आठवण राहावी म्हणून, जे त्या फाईलमध्ये नाही ते येथे लिहून ठेवतो. दिवस घटस्थापनेचा होता. रान चुडाव्याचे होते. आबांच्या तळहातावरचे ते फूल मिटलेले होते.